उशी फिरवण्याची बैठक

"तुमचं आपलं बरं आहे, आई," पडद्यामागून आगुस्तिनावहिनीची कुरकुर ऐकू आली. "तीन वर्षं आडव्या आहात. ना तांदूळ निवडायचे, ना पाहुण्यांचे पेले विसळायचे. आज परत बैठक. म्हणजे परत दोन किटल्या कॉफी, परत डुकराचं मटण बांबूत ठासा, आणि शेवटी तुमचे दोघे लेक म्हणणार, बघू पुढच्या सुगीला. तोवर माझी कंबर टिकते का, हे कोण बघतंय?"

दामारिस आईची कॉफी घेऊन पडद्याशीच थबकली. आत पांघरूण झटकल्याचा, मग ते हळूच नीट केल्याचा आवाज आला. वहिनीच्या जिभेचं आणि हातांचं जन्मात कधी पटलं नव्हतं. जीभ फटके मारायची तेव्हा हात पांघरुणाच्या चुण्या काढत असायचे.

"ऐकलंस ना सगळं?" बाहेर येताना वहिनी म्हणाली. "मग तांदीमामांना सांगू नकोस. कॉफी गार होतेय आईंची."

दामारिस आत गेली. घराच्या दक्षिणेकडची ही खोली. आईची उशी पश्चिमेला होती, आजारी माणसाची असते तशी. तिचा श्वास थांबल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. रान्तेपाओ शहराहून एक माणूस येऊन देह टिकायचं औषध टोचून गेला होता, आणि आता ती सुकलेल्या कॉफीच्या बीसारखी लहान, कडक आणि तपकिरी झाली होती. पण इथं डोंगरात नुसता श्वास थांबल्यानं कुणी मरत नाही. सगळी मुलं एकमतानं दिवस ठरवतात, माणसं जमतात, उशी दक्षिणेला फिरते, पहिला रेडा पडतो, आणि मग माणूस मेला म्हणायचं. तोवर तो आजारी. त्याला सकाळी कॉफी, दुपारी भात, आणि संध्याकाळी कुणाच्या घरी काय झालं ते सांगायचं.

ते सांगायचं काम दामारिसचं. तिचा नवरा मलेशियात रबराच्या मळ्यावर गेला तो तिकडचाच झाला. मूल नव्हतं. त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ आणि ऐकायला एकटी आई, असा हिशेब होता.

"योहानिस आलाय," कॉफी उशाशी ठेवत ती म्हणाली. "रात्रीच्या बसनं. बारीक झालाय. आज ठरवतील म्हणतात." मग तिनं आवाज खाली आणला. "नाही ठरवायचे. नेहमीसारखंच होईल."

हे सांगताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. कारण ठरत नव्हतं यात तिचाही हात होता. मागच्या वर्षी भातकापणी संपत असताना योहानिसचा मकास्सरहून फोन आला होता. "ताई, दादाला सांग, मी हट्ट सोडला. दादा म्हणेल तसं करू." ती हो म्हणाली होती. फोन ठेवून ती या खोलीत आली होती, आईचे केस विंचरले होते, आणि निरोप द्यायला म्हणून अंगण ओलांडून साम्पेदादाच्या घरी जायचं ते गेलीच नव्हती. एक दिवस नाही गेली, आठवडा नाही गेली. मग इतके दिवस उलटले की निरोपापेक्षा उशिराचंच कारण सांगावं लागलं असतं.

पडदा हलला. योहानिस चपला बाहेर काढून आत आला. पन्नाशीला टेकलेला हा धाकटा भाऊ तिच्या डोळ्यांसमोर मात्र अजून नाक पुसत उभा असायचा. रविवारी प्रार्थनेला इथं सगळेच जातात, पण योहानिस ज्या नव्या चर्चचा पाद्री होता तिथं रेडे कापणं चालत नव्हतं, आणि गेलेल्या माणसाशी बोलणंही. तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा या खोलीत आला, तेव्हा त्यानं गुडघे टेकून मोठ्यानं आईच्या आत्म्याला शांती मागितली होती. आजारी माणसाच्या तोंडावर! बाहेर भात वाढत असलेल्या वहिनीच्या हातून पळी पडली होती. साम्पेदादानं त्याला दंडाला धरून अंगणात नेलं होतं आणि म्हणाला होता, "माझ्या आईला तू मारायला आलास?" त्यानंतर वर्षभर दोघं बैठकीबाहेर बोलले नव्हते.

आज योहानिस आईशी बोलला नाही. बोलणं त्याच्या मनाला पटत नव्हतं, आणि न पटणारं काही तो खोटंखोटं करत नसे. तो नुसता पायाशी बसला. मग वाकून त्यानं कॉफीचा पेला वितभर अलीकडे सरकवला, आईचा हात पोचेल इतका.

दाराशी साम्पेदादा उभा होता. त्यानं ते पाहिलं. घसा साफ केला आणि म्हणाला, "चल योहानिस. मामा खोळंबलेत."

*

भाताच्या कोठाराखाली, चार जाड खांबांच्या मधल्या फळ्यांवर बैठक मांडली होती. तांदीमामा मधल्या खांबाला टेकून बसले होते. ते आईचे धाकटे भाऊ, ऐंशीच्या घरातले, तोंडात एकही दात नाही. त्यांचा विडा कुटून द्यावा लागे, आणि तो कुटायचा मान दामारिसचा. मामांच्या बैठकीचा एकच कायदा होता. समोरच्याचं बोलणं संपलं की आपण विडा तोंडात घालायचा, तो चघळून संपेपर्यंत गप्प राहायचं, आणि मगच उत्तर द्यायचं. तरुणपणी मामांनी आपल्या थोरल्या भावाला भरल्या बैठकीत एका वाक्यात तोडलं होतं. तो भाऊ पुन्हा या अंगणात आला नाही. त्याची उशी फिरली तेव्हा मामांना निरोपसुद्धा नव्हता. तेव्हापासून हा विडा.

योहानिसला सुपारी चालत नसे. त्याच्यासाठी मामांनी लवंग चालवून घेतली होती. "तोंड भरल्याशी कारण," ते म्हणायचे. "कशानं भरलंय ते तुझा देव बघेल."

"कोण सुरू करतंय?" मामांनी विचारलं.

"मी," दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

"वा! तीन वर्षांत हे पहिलं एकमत," वहिनी कॉफी ओतता ओतता पुटपुटली.

"थोरला आधी," मामा म्हणाले.

साम्पेनं मांडी बदलली. साठीचा माणूस, कॉफीच्या बागेत राबून हात खरबरीत झालेला, उजव्या डोळ्याला शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा. तो बोलायला लागला की दामारिसला ठाऊक असे आता काय येणार. किमान आठ रेडे, त्यातला एक महागाचा चितकबरा, कारण आईला पुयापर्यंतची, पितरांच्या गावापर्यंतची लांबची वाट पायी कशी चालवायची. ती खलबत्त्यात सुपारी टाकून निवांत कुटायला लागली.

"मला रेडे नकोत," साम्पे म्हणाला.

कुटणं थांबलं.

"सहा महिन्यांपूर्वी मी याच्या घरी होतो, डोळ्यासाठी. पाच आठवडे. तिथं याच्या चर्चमधला एक म्हातारा गेला. सकाळी गेला आणि संध्याकाळी मातीत. मी म्हटलं, ही काय रीत झाली, कोंबडीलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ देतात. पण मला डोळ्यावर पट्टी होती ना मामा, मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ते गात होते. आणि गाता गाता रडत होते. मी आजवर समजत होतो, रेडा न कापता पुरणाऱ्या माणसांना रडू येत नसेल." त्यानं चष्मा नीट केला. "मला त्यांचा धर्म पटला, असं नाही. अजून नाही पटला. पण याच्या पोटी लेकाचंच काळीज आहे, एवढं कळलं. तेव्हा याच्या पद्धतीनं होऊ दे. गाणी म्हणा, डुक्कर कापून पाहुण्यांना जेवू घाला, आणि झालं. भाऊबंद हसले तर मी ऐकून घेईन."

योहानिस काही बोलायला गेला. मामांनी बोट वर केलं. त्यानं लवंग तोंडात टाकली. सगळे थांबले. अंगणात वहिनीची कोंबडी पिलं घेऊन फिरत होती, आणि ही लवंग इतकी रेंगाळली की पिलांच्या दोन चकरा झाल्या.

"मला रेडे हवेत," अखेर योहानिस म्हणाला.

"अगं आई गं!" वहिनीनं कपाळाला हात लावला.

"वहिनी, ऐकून तर घ्या. मी तिथं उभा राहणार नाही, मांस खाणार नाही, पुयाला जायला रेडा लागतो असं म्हणणार नाही. ते मला खोटं बोलल्यासारखं होईल. पण पाहुण्यांना हाताला धरून मंडपात मी आणीन. काळे कपडे घालीन. रेड्याची दोरी आणून दादाच्या हातात मी देईन. दादा, तू आमच्याकडे ते गाणं ऐकलंस. त्याच्या नंतरचं नाही ऐकलंस. त्या म्हाताऱ्याची मुलगी अजून दर गुरुवारी माझ्यासमोर येऊन बसते. एका संध्याकाळी सगळं उरकलं, आता रडायचं कुठं, हे तिला समजत नाही. घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, झाले की सहा महिने. आणि इथं..." त्यानं घराकडे पाहिलं. "इथं तुम्ही तीन वर्षं तिला कॉफी देताय. मी याला हसलो होतो. मनात हसलो होतो, ताई, पण हसलो होतो. आता हसत नाही."

मामांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत.

"तीन वर्षं तुम्ही समोरासमोर बसून भांडलात," ते म्हणाले. "आता जागा बदलून समोरासमोर बसलात. अरे, तुमचं नक्की कोणाशी भांडण आहे?"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघेनात. साम्पे गालात हसला, मग योहानिस. अशी वेळ आईच्या डोळ्यांदेखत यायला हवी होती, असं दामारिसच्या मनात आलं, आणि लगेच तिला ते नकोसं झालं. कारण भांडण संपलं होतं. आठ रेडे की एकही नाही, हे आता दोन भाऊ हसत हसत, मध्ये कुठंतरी येऊन, दुपारच्या जेवणाआधी ठरवून टाकतील. मग दिवस. मग उशी.

"पण दादा," योहानिस म्हणाला, "माझ्याकडं पाच आठवडे होतास तेव्हा हे बोलला का नाहीस? रोज पट्टी बदलायला मी बसत होतो तुझ्याजवळ."

"तुझ्या घरचं मीठ खात होतो मी. तिथं वाद कसा काढायचा? आणि तू का नाही बोललास?"

"मी काय बोलू? मी तर मागच्या वर्षीच सांगितलं होतं, तू म्हणशील तसं. तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं, दादाचा राग गेलेला नाही. त्यात तू आजारी, पाहुणा. कसं विचारायचं?"

साम्पेनं चष्मा काढला. "मागच्या वर्षी? कुणाला सांगितलंस?"

योहानिसचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याला उत्तर माहीत होतं. ते तोंडातून आलं तर कुठं जाऊन पडेल, हे त्याच क्षणी त्याला कळलं. तो कोंबडीकडे बघायला लागला.

मग साम्पेही कोंबडीकडे बघायला लागला. मामा आपल्या बोटांकडे. कुणीच दामारिसकडे बघत नव्हतं, आणि न बघण्याची ती इतकी सगळ्यांची मिळून तऱ्हा होती की तिला भर उन्हात उघडं पडल्यासारखं झालं. आरडाओरडा झाला असता तर बरं, असं तिला वाटलं. हे लोक भांडतात तेव्हा सोपं असतं.

"मला सांगितलं होतं," आगुस्तिनावहिनी म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"बघताय काय असे? मला फोन केला होता भाऊजींनी. मी विसरले. घरात डुकरं, कोंबड्या, हे, सगळ्यांचं बघायचं मीच, एखादा निरोप राहतो माणसाच्या हातून." तिनं किटली आपटली. "द्या काय शिक्षा द्यायची ती. भांडी तर मीच घासतेय नाहीतरी."

ती खोटं बोलत होती, आणि अतिशय वाईट बोलत होती. योहानिसनं आयुष्यात कधी वहिनीला फोन केला नव्हता. त्याला तिची भीती वाटे. साम्पेला हे माहीत होतं, मामांना माहीत होतं. साम्पे बायकोकडे बघत राहिला, तीस वर्षांत न पाहिलेलं काही दिसावं तसा.

"विसरली असेल," तो सावकाश म्हणाला. "होतं असं."

"होतं," योहानिस म्हणाला.

"असू दे," मामा म्हणाले. "झालं ते झालं."

आणि बैठक पुढं सरकायला लागली. साम्पे म्हणाला, तीन रेडे, चितकबरा नको. योहानिस म्हणाला, गाणी पहिल्या संध्याकाळी. मंडपासाठी बांबू वरच्या बनातून आणायचे. बोलता बोलता ते एकमेकांना वाट देत होते, "तुझं बरोबर आहे, पण" म्हणत होते, आणि त्या "पण"नंतर खरोखरच थांबत होते. दामारिस ऐकत होती. इतकं चांगलं बोलणं या कोठाराखाली तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यातला एकेक शब्द तिच्याकडून काहीतरी काढून घेत होता.

वहिनी तिच्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातातला बत्ता काढून घेतला आणि स्वतःच सुपारी कुटायला लागली. "अशी दगडासारखी बसू नकोस," ती कुजबुजली. "काही विचारलं तर हो म्हण. तोंड माझ्याकडे कर."

"तू का बोललीस तसं?"

"मग काय करू? तुला बघत बसू?" वहिनीनं एक सुपारी ठेचली. "रोज पहाटे तुझं बोलणं मला माझ्या चुलीपाशी ऐकू येतं. सगळं. कालवणात मीठ जास्त झालं इथपासून भाऊजींच्या फोनपर्यंत. मी आज उगीच आईंवर चिडले. तुझ्यावर चिडायचं धाडस नाही झालं."

मामांनी फळीवर टकटक केलं.

"तिघांतले दोघे बोलले," ते म्हणाले. "लेक राहिली. दामारिस, तुझं काय?"

"तुम्ही ठरवाल ते," दामारिस म्हणाली. तीन वर्षं प्रत्येक बैठकीत ती हेच म्हणत आली होती.

"ते मागंही ऐकलंय." मामांनी विड्याची वाटी आपल्याकडे ओढली, त्यातली चिमूट घेतली, आणि तोंडात न घालता हातातच ठेवली. "हे दोघे भांडत होते, म्हणून तुझं कुणी ऐकून घेतलं नाही. ही चूक माझी. भांडणाऱ्याला विडा दिला, गप्प बसणाऱ्याला विचारायचं राहून गेलं. आता विचारतोय. तुला पटत नसेल तर नाही म्हण. तुझ्या एका 'नाही'वर आम्ही परत तीन वर्षं बसू."

"बसू," साम्पे म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो चष्मा हातात धरून, बरा झालेला डोळा बारीक करून तिच्याकडे बघत होता. आता सगळेच बघत होते. योहानिसही.

ती खरंच नाही म्हणू शकत होती. त्यांनी ऐकलं असतं. उद्या सकाळी तिनं कॉफी केली असती, पडदा सारला असता, आणि म्हणाली असती, बघ, सांगितलं नव्हतं का, नेहमीसारखंच. वहिनीनं कंबर धरून भांडी घासली असती, आणि दर बैठकीला तिच्यासाठी खोटं बोलली असती.

"वहिनीला फोन आला नव्हता," दामारिस म्हणाली.

"आम्हाला माहीत आहे," साम्पे म्हणाला. "राहू दे ते."

"नको राहू दे. मला आला होता. मी सांगितलं नाही. तुमचं भांडण मिटू नये, असं मला वाटत होतं." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तू आठ रेडे म्हणायचास, दादा, तेव्हा मला बरं वाटायचं. हा नको म्हणायचा तेव्हाही बरं वाटायचं. तुम्ही दोघं जितके ताणत होता, तितकी ती माझ्याकडे राहत होती."

"ताई," योहानिस म्हणाला.

"थांब. मला विचारलंय ना? तुम्ही दोघं एकमेकांचं इतकं ऐकून घेतलंत. तू त्याचं गाणं ऐकलंस, त्यानं आपली कॉफी बघितली. मी कुणाचंच ऐकलं नाही. तिचंसुद्धा नाही. मी नुसती बोलत होते."

कुणी विडा घेतला नाही. वहिनीचा हात बत्त्यावर तसाच होता. साम्पेनं ओठ उघडले, तिला अडवावं म्हणून की सावरावं म्हणून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण त्यानं अडवलं नाही.

"आई आजारी नाहीये, दादा," दामारिस म्हणाली. "आई मेली. तीन वर्षांपूर्वी, मंगळवारी सकाळी. मी तिचे केस विंचरत होते. मी पुष्कळ हाका मारल्या, तिनं ओ दिली नाही."